बसून जाणाऱ्यांचं जंगल

मेलेल्यांची इतकी काळजी घेणारा आणि जिवंतांना इतकं बेजार करणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज आजवर जळकोटात झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. व्याही म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. आमच्याकडं त्यांना 'इवाई' म्हणायचं आणि त्यांनी मला 'इहीणबाई'. या नात्याची रीत अशी, की चारचौघांत एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची आणि पंगतीत मात्र एकमेकांच्या ताटात आग्रहानं वाढायचं. टिंगलीचा भाग आम्ही दोघांनी चोख पाळला. आग्रहाचा भाग त्यांच्याकडून कधी झाला नाही, कारण जेवायच्या वेळी ते घरी नसायचेच. ते स्मशानात असायचे.

पण हे पुढचं झालं. सोयरीक झाली तेव्हाचे व्याही अगदी निराळे होते. जळकोटच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. पुढच्या फळ्यांवर लुगडी, खण, शाळेच्या गणवेशाचे तागे; आणि मागच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या सहज नजरेला पडू नये असं, पांढरं कापड. गावात कुणी गेलं की घरात रडणं सुरू व्हायच्या आधी एखादा माणूस यांच्या पायरीशी येऊन मुकाट उभा राहायचा. हे 'कोण?' असं विचारायचे नाहीत. 'उंच होते का?' एवढंच विचारायचे आणि कात्री उचलायचे. त्यांच्या धोतराच्या निऱ्या अशा कडक, की हात लावला तर बोट कापेल. रस्त्यात चिखल दिसला तर ते रस्ता बदलत, आणि कुणाच्या घरी गेले तर आधी दस्तीनं खुर्ची पुसून मग बसत. नवरा-बायको बाहेर निघाले तर हे पुढं, माझ्या विहीणबाई मागं, आणि मधे एक बैलगाडी आरामात वळेल एवढी जागा. यांच्या डोक्यावर काळी छत्री, त्यांच्या डोक्यावर पदर. मी एकदा म्हटलंसुद्धा, "इवाई, अधूनमधून मागं वळून बघत जा. हरवली बिरवली तर?" तर म्हणाले, "हरवत न्हाई ती. छत्री बघून येते माझ्या मागं."

आणि त्या वेळची मी? माझी तर काय ऐट सांगावी! कंधारहून जळकोटला निघाले म्हणजे लंडनला निघाल्यासारखी निघायची. डोळ्याला काळा चष्मा, अंगावर इस्त्रीची कडक साडी, आणि लेकीच्या लग्नात तर उंच टाचांच्या चपला. त्या चपलांनी मांडवात मला दगा दिला आणि वरमाईच्या पाया पडायला वाकलेली मी थेट आडवीच झाले. सगळ्यांना वाटलं कंधारकडं लोटांगण घालायची पद्धत आहे. माझ्या दारात तेव्हा कुंड्यांमधून रंगीत पानांची झाडं होती, आणि ओसरीच्या खांबाला मी हिरव्या प्लास्टिकची वेल गुंडाळली होती, जिला पाणी लागत नाही याचा मला फार अभिमान होता. बारा महिने हिरवी! पाहुण्यांना मी ती हात लावून दाखवायची. त्या बाईला आज भेटले तर मी ओळख दाखवणार नाही.

विहीणबाई गेल्या त्या ऐन मे महिन्यात. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि तेही आडवं झोपवून नाही, मांडी घालून बसवून. घरातून निघतानासुद्धा माणूस बसूनच निघतो. केळीचे खांब आणि फुलं लावून सजवलेली उंच डोली असते, तिला विमान म्हणतात. जन्मभर जिला कुणी 'बस गं जरा' म्हटलेलं नसतं अशी बाईसुद्धा त्या दिवशी बसून, साऱ्यांच्या खांद्यांच्या वर, गावातून जाते. विहीणबाई तशा गेल्या. पण रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या स्मशानात, पोचलो तर खड्डा तयार नव्हता. ओढ्याकाठचा उघडा माळ, वर झाड म्हणून नाही, आणि जमीन अशी तापून कडक झालेली, की पहार मारली की ठिणगी उडायची. विमान उन्हात टेकवलं. आमच्यात बायकाही माती द्यायला जातात. आम्ही सगळ्या, आणि पुरुषमंडळीही, एकेक करून कोपऱ्यातल्या पडक्या भिंतीच्या सावलीला सरकलो. विमानापाशी विहीणबाई एकट्या उरल्या. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मग पाहिलं तर व्याही तिथंच होते. छत्री उघडून त्यांनी ती बायकोच्या डोक्यावर धरली होती. स्वतः बोडक्यानं उभे. पहार चालली होती, ठिणग्या उडत होत्या, आणि हे सावली सरकेल तशी छत्री सरकवत होते. कुणीतरी म्हणालं, "सावकार, या इकडं, भोवळ येईल." तर हळूच म्हणाले, "तिचं डोकं उठतंय उन्हानं."

हे त्यांना ठाऊक होतं, हेच आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर हा माणूस बिघडला. समाजाच्या मंडळींनी रुद्रभूमीत पत्र्याची शेड बांधायचं काढलं, तर भर बैठकीत म्हणाले, "पत्र्याखाली मे महिन्यात बसून बघा आधी. जित्त्यालाच भाजतंय. मेलेलं माणूस तर उठून बाहेर बी येऊ शकत न्हाई." मग एक दिवस दुकानाच्या मालाला म्हणून लातूरला गेले. तिथं कुणीतरी ओसाड तुकड्यावर आपल्याच मातीतली झाडं दाटीवाटीनं लावून दोन-तीन वर्षांत डोक्याच्या वर जंगल नेलं होतं, ते बघत दिवसभर बसले, आणि माल न घेताच परतले. आले ते धोतराच्या सोग्यात मूठभर माती बांधून. आमच्या लेकीनं मला फोन केला, "आई, मामंजींच्या धोतराला चिखल आहे." मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव."

रुद्रभूमीच्या ओढ्याकडच्या भागात, विहीणबाई जिथं होत्या त्याच्या चहूबाजूंनी, त्यांनी जमीन मागितली. मंडळींनी दिली, त्यांना वाटलं चार गुलमोहर लावील आणि गप बसेल. गुलमोहराचं नाव काढलं की व्याही खवळायचे. "तो पाव्हणा हाय. फुलं दाखवतो आन् वारं सुटलं की मोडून पडतो. आपल्याला घरचे लागतेत." घरचे म्हणजे कडुलिंब, करंज, खैर, हिवर, आपटा, पळस, भोकर, बहावा, खाली निर्गुडी आणि करवंदाच्या जाळ्या. लावायचे कसे? एका बाजेच्या जागेत तीन-चार. ओळ नाही, अंतर नाही. मी म्हटलं, "इवाई, त्यांचा जीव गुदमरेल." तर म्हणाले, "जत्रेच्या एस.टी.त तुम्ही काय करता? मान वर काढता का न्हाई, वारं लागावं म्हणून? झाड बी तेच करतंय. गर्दी असली की भराभरा वर जातंय."

त्यासाठी आधी जमीन कमरेएवढी खोल उकरून भुसभुशीत करायची होती. आणि जमीन कसली, स्मशानाची! यंत्र लावायचं त्यांनी साफ नाकारलं. रोज पहाटे स्वतः कुदळ घेऊन जायचे. जुन्या लोकांच्या जागा काही कुणी खुणा करून ठेवलेल्या नव्हत्या, तेव्हा जे निघायचं ते निघायचंच. एखादं हाड वर आलं की कुदळ खाली ठेवून हात जोडायचे. "माफ करा अण्णा, पाय लागला." बांगडीचा तुकडा निघाला तर, "आक्का, जरा सरकून घ्या. सावलीचा इंतजाम करायलोय." मग बेलाचं पान ठेवून पुन्हा माती लोटायची आणि बाजूला खणायला घ्यायचं. गावानं त्यांना वेडं ठरवलं, पण गंमत अशी की ज्यांचे कुणी तिथं होते त्यांतली काही माणसं हळूच दुकानात येऊन विचारायची, "आमच्या आईची काही खबर?"

खताचं तर विचारूच नका. नातवाचं बारसं ठरलं तेव्हा रीतीप्रमाणं मी विचारलं, "इवाई, तुमच्यासाठी आहेर काय आणू? धोतरजोडी आणू का फेटा?" म्हणाले, "मेंढराचं खत. गाडी भरून." मी ते थट्टेत काढलं आणि धोतरजोडी नेली. त्यांनी ती घडी न मोडता दुकानाच्या फळीवर विकायला ठेवली. पुढच्या खेपेला मी मुकाट्यानं धनगरवाड्यातून खत भरून टेम्पोत पुढं बसून गेले. अंगावर कडक साडी, डोळ्याला काळा चष्मा, आणि मागं मेंढरांचं खत. जळकोटच्या वेशीवर सगळ्यांनी नाकाला पदर लावले. मी मात्र ती सलामीच आहे अशा थाटात हात हलवत होते. घरातला गूळ आणि बेसनही त्या मातीत गेलं. शेणात गूळ-बेसन कालवून ते पाणी झाडांना घालायचं असतं म्हणे. पोळ्याच्या दिवशी लेकीनं पुरणाला गूळ काढायला डबा उघडला तर आत काळा मुंगळा तेवढा होता, आणि तोही उपाशी.

घरची झाडं कोणती हे ठरवायची त्यांची रीत तर भयंकर होती. पुस्तकात बघायचे नाहीत. म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, की तुमच्या लहानपणी शिवारात काय होतं. आणि म्हातारी माणसं सापडायची कुठं? अंथरुणाला खिळलेली. कुणी आजारी आहे म्हटलं की हे हजर. आता विचार करा, पांढरं कापड विकणारा माणूस, ज्याचा मुक्काम स्मशानात, तो येऊन खाटेपाशी बसतो आणि प्रेमानं म्हणतो, "काका, जायच्या आधी एवढं सांगा, ओढ्याला काय होतं?" दोन-चार जणांनी तर त्यांना बघूनच औषध वेळेवर घ्यायला सुरुवात केली. मी डेंग्यूनं नांदेडच्या दवाखान्यात पडले होते तेव्हा माझ्याही उशाशी आले. मला ग्लानी. डोळे उघडले तर समोर हे. मी दिव्याची तजवीज, दागिन्यांच्या वाटण्या, सगळं मनात करून टाकलं. तर कानाशी वाकून म्हणाले, "इहीणबाई, कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाला आधी कंची झाडं होती?" मी रागानं जे उठून बसले ते बरीच होऊन घरी आले.

लावणी झाली आणि पावसानं पाठ फिरवली. ते वर्ष आठवलं की अजून घसा कोरडा पडतो. टँकरपाशी घागरींवरून डोकी फुटत होती. अशात हा माणूस स्मशानात पाणी नेताना दिसला की बायका तोंडावर बोलायच्या, "जित्त्याला प्यायला न्हाई आन् हे मड्याला पाजायलेत." ते टँकरच्या पाण्याला हात लावत नव्हते, हे कोण ऐकून घेणार? ते घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचे आणि तेच पाणी गाळून न्यायचे. भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं, डाळ-तांदूळ विसळलेलं, घरातलं एकूण एक पाणी. लेक म्हणाली, "आई, माझ्या पोराला नळाखाली धुतलं तर मामंजी बादली घेऊन खाली उभे राहतात." एकदा कुणीतरी मुद्दाम कुंपण वाकवून शेरडं आत सोडली. एका दुपारीत निम्मी रोपं गेली. मी गेले होते सांत्वनाला. ते खुडलेल्या दांड्यांमधून हिंडत होते आणि वाकून प्रत्येकीला हात लावत होते. मला म्हणाले, "तिच्या अंगावर पुन्हा ऊन आलं, इहीणबाई." मी काळा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या वर्षी पुन्हा लावली. रोपांना आधाराच्या काठ्या बांधायला सुतळी महाग पडते म्हणून त्यांनी दुकानातल्या चिंध्या वापरल्या. नारायणपेठी काठाच्या, इरकलीच्या, खणाच्या पट्ट्या! त्या स्मशानाकडं लांबून बघितलं तर वाटायचं की शेकडो बारक्या पोरी हळदी-कुंकवाला निघाल्यात. त्या वर्षी पाऊस आला. आणि मग ती झाडं जी सुटली! पहिल्या वर्षी गुडघ्याला, दुसऱ्या वर्षी डोक्याला, तिसऱ्या वर्षी चिंध्या कुठं गेल्या ते दिसेना. आत मुंगूस आला, भारद्वाज आला. खालची माती पायाला ओली लागायला लागली. आणि व्याह्यांचा एकच कायदा होता: आत वाट ठेवायची नाही. "बोळ ठेवला की माणूस येतंय. माणूस आलं की आधी खरकटं येतंय आन् मागून कुऱ्हाड." त्यांनी फाटक केलं, पण फाटकाच्या आत लगेच करवंदाची जाळी. स्वतः ते मुंगसाच्या वाटेनं जायचे, म्हणजे चक्क रांगत. कडक निऱ्यांचा तो माणूस आता ढोपरांना गोणपाट बांधून हिंडायचा.

या सगळ्या दाटीत एकच जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. विहीणबाईंच्या जागेवर बेल लावला होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला चार धोंडे मांडून एक चौकोन. तिथं गवतही उगवू द्यायचे नाहीत. रोज दुपारी रांगत जाऊन, त्या चौकोनात मांडी घालून, डबा खायचे. लेक म्हणायची, "आई, मामंजी स्वतःच्या खड्ड्यात बसून जेवतात. लोक मला विचारतात, मी काय सांगू?" डॉक्टरांनी तोवर त्यांच्या काळजाचं काही बरं सांगितलेलं नव्हतं. दोन पायऱ्या चढले की ते थांबायचे आणि मागच्या माणसाला कळू नये म्हणून कापडाचा पोत बघितल्यासारखं करायचे.

एका श्रावणात मीही आत गेले. माझे गुडघे तोवर गेलेले, करवंदानं साडी धरलेली, केसांत कोळ्याचं जाळं. कधीकाळी टाचांच्या चपलांवरून पडलेली बाई आता चपलाच हातात घेऊन रांगत होती. पोचले आणि बसले तर बाई, काय तो गारवा! वर आभाळ नाहीच. विहीणबाईंच्या अंगावर उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. व्याह्यांनी डब्यातली निम्मी भाकरी माझ्या हातावर ठेवली. जन्मात पहिल्यांदा आग्रह केला. "विहीणबाईंचं भोकराचं लोणचं असतं तर..." मी म्हटलं. ते नुसते हं म्हणाले. मग त्या चार धोंड्यांकडं बोट करून मोठ्या समाधानानं म्हणाले, "माझी जागा बघितली का? अगदी शेजारी. जन्मभर मागं चालली बिचारी. आता म्हणलं बरोबरीनं बसावं."

माझी जीभ वळवळली. मी सहज, अगदी थट्टेत विचारलं, "ते झकास. पण इवाई, तुम्ही तर विमानात बसून येणार. केळीचे खांब, फुलं, सगळा थाट. मग तुम्हाला इथवर आणायचं कुठून? रांगत?"

ते हसायला लागले आणि मधेच थांबले. घास तसाच हातात राहिला. त्यांनी वर बघितलं, मग ज्या भोकातून आम्ही आलो होतो तिकडं बघितलं. दुनियेच्या मेलेल्यांचा विचार केलेला हा माणूस, आपण स्वतः बसून जाणार आहोत हे विसरला होता.

मी आपली सुचेल ते बोलत सुटले. "आडवे जा. चालतंय एखाद्याला."

"आडवा?" ते भडकले. "मी काय तुंबलेला पाइप हाय का, आडवा सरकवायला? माझा बाप बसून गेला, आज्जा बसून गेला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या जावयाला आणि शेजारच्या तिघांना बोलावलं, दुकानातली प्लास्टिकची खुर्ची घेतली, तिला दोन बांबू बांधले, आणि स्वतः तीत बसून म्हणाले, "उचला." कुंपणाच्या सगळ्या बाजूंनी फिरवून घेतलं. कुठून तरी वाट निघते का, झाड न तोडता. "जरा डावीकडं! कानाला खैर लागला. मागं घ्या. आता उंच धरा... खाली, खाली, हिवराचा काटा!" जावई घामाघूम, तोंड रडवेलं. बाजारातून येणारी एक म्हातारी रस्त्यावर थबकली. चौघांच्या खांद्यावर बसलेले व्याही बघून तिनं टोपली खाली ठेवली आणि गळाच काढला, "गेले का ओ सावकार? न्हाई म्हणता म्हणता गेले!" व्याही वरूनच म्हणाले, "अजून न्हाई, आक्का. तालीम चाललीया." मी हसून हसून कुंपणाला टेकले. तारेला टेकलेली मी, आणि हसता हसता बघते तर जावयाच्या डोळ्यांना धार.

वाट काही निघाली नाही. समाजाचे वडीलधारे म्हणाले, त्यात काय एवढं, विमानाच्या रुंदीची एक गल्ली पाडू, तुमचंच जंगल आहे. जावईही म्हणाला, "दादा, मी स्वतः तोडतो. आईपासून लांब ठेवला म्हणून लोक जन्मभर मला बोलतील." चार दिवसांनी व्याह्यांचा मला फोन आला. "इहीणबाई, आहेर घेऊन या. खत नको. रोप आणा. कंचं ते तुम्ही ठरवा."

मी कंधारहून भोकर नेलं. रांगत रांगत आत गेलो, ते पुढं, मी मागं. ते दर थोड्या वेळानं थांबत आणि मी पानं न्याहाळल्यासारखं करी. त्यांनी चारही धोंडे उचलून बाजूला ठेवले. हातानं माती उकरली.

"इवाई, हे तुम्ही काय करायलात?" मी म्हटलं. "तुमची जागा ही."

"रिकामी राहिली तर पोरं माझ्या मागं कुऱ्हाड आणतील. मायेनंच आणतील, पण कुऱ्हाड ती कुऱ्हाड. एक गल्ली पडली की वारं शिरतंय, ऊन शिरतंय. पुन्हा तिचं डोकं उठंल." रोपाच्या मुळाशी माती दाबत ते म्हणाले, "मला फाटकाबाहेर ठेवा. तिथवर विमान येतंय."

"आणि बरोबरीनं बसायचं?"

त्यांनी हात झटकले. "ती आत सावलीला, मी दारात. ती पुढं, मी मागं. जन्मभर उलटं झालं, आता व्हऊ द्या जरा सुलटं." मग खिशातून इरकलीच्या काठाची एक पट्टी काढून त्यांनी भोकराला बांधली. गाठ त्यांना जमेना. मी बांधून दिली. परतताना त्यांनी मागं वळून बघितलं. तेवढंच.

गुढीपाडवा झाल्यावर ते गेले. दुकानात, गादीवर, कात्री हातात असताना. लेकीचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ऊन किती आहे गं तिकडं?" जळकोटला पोचल्यावर दुकानातल्या खुंटीवरची त्यांची काळी छत्री काखेत मारली आणि विमानाच्या मागं चालू लागले. ठरवूनच गेले होते, की आज कुणी सावलीला सरकलं तरी ही म्हातारी सरकणार नाही. फाटकाबाहेर विमान टेकवलं. मी छत्रीच्या खटक्यावर बोट ठेवलं, वर बघितलं, आणि बोट काढून घेतलं. करंजाच्या फांद्या तारेवरून बाहेर वाकल्या होत्या. व्याही सबंध सावलीत बसले होते. आम्ही सगळेच सावलीत उभे होतो, त्या वर्षी टँकरपाशी बोलणाऱ्या बायकासुद्धा.

खड्डा अजून चालू होता, पण या वेळी ठिणगी नव्हती. कुदळ मऊ आवाज करत होती. मग खणणारा थांबला. आतल्या अंगानं एक मूळ येऊन खड्ड्यात आडवं उतरलं होतं, मनगटाएवढं जाड. त्यानं विचारलं, "तोडू का? कशाचं हाय?" सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच ते लावलं होतं. मी म्हटलं, "बेलाचं."

विहीणबाईंचा बेल तिथून किती आत होता हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या जावयाला तर नक्कीच ठाऊक होतं. पण विहिणीला खोटं ठरवायची आमच्याकडं पद्धत नाही.

मूळ तोडलं नाही. दोघांनी ते बाजूला वाकवून धरलं, व्याह्यांना खाली मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, भोवती विभूती आणि बेलाची पानं घातली. मग त्या दोघांनी मूळ हळूच सोडलं. ते परत आलं आणि त्यांच्या खांद्याला टेकून राहिलं.

विहीणबाईंनी जिवंतपणी चारचौघांत नवऱ्याच्या खांद्याला कधी हात लावला नव्हता. मी तोंड फिरवलं आणि माती घ्यायला वाकले. आगाऊ असले, तरी तेवढं मला कळतं.